नातीचा प्रश्न आणि सोनेरी मासा

रेडिओवर मला बोलावतात ते बहुधा कवितेवर बोलायला. त्यामुळे या वेळी पत्नीनं विचारलं, ‘विषय काय?’ तेव्हा मी म्हटलं, ‘मासे.’ ती म्हणाली, ‘कोणते, सुरमई की बांगडा?’ मी म्हटलं, ‘काचेच्या पेटीतले.’ त्यावर ती हसली. या विषयात मी कसा पडलो आणि पडताना कसा आपटलो, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी नात तेव्हा सहा वर्षांची होती. वाढदिवसाला तिला सोनेरी मासा हवा होता. दुकानदारानं प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून बोटभर लांबीचा एक मासा दिला, सोबत काचेचा गोल बाऊल, रंगीत खडे आणि खाद्याची डबी. चार लिटर पाणी मावेल एवढा तो बाऊल आम्ही दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवला. नातीनं माशाचं नाव ठेवलं लाली. सकाळी उठल्यावर खाद्य, शाळेतून आल्यावर खाद्य, पाहुणे आले की त्यांच्या हातून खाद्य. लालीही कधी नाही म्हणत नसे.

चौथ्या-पाचव्या दिवशी लाली पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागली. नात म्हणाली, ‘नाना, ती हवेचा पापा घेतेय.’ मला ती कल्पना इतकी आवडली की, त्यावर मी चार ओळी लिहिल्या. मासा हवेचं चुंबन घेतो, अशा काहीशा. नवव्या दिवशी सकाळी लाली पाण्यावर आडवी तरंगताना दिसली.

नात रडली. मग तिनं मला विचारलं, ‘नाना, आपण तिला रोज खायला दिलं. तरी ती का मेली?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. पाण्याच्या रसायनशास्त्राशी माझा संबंध चहापुरता. पण लेकराचा प्रश्न टाळता येत नव्हता. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणारे एक स्नेही आहेत, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, ‘ती पापा घेत नव्हती. गुदमरत होती.’ ज्यावर मी कविता लिहिली, ती त्या जिवाची धाप होती. ती कविता माझ्या वहीत आहे, पण मी ती कुठे छापायला दिली नाही.

त्या दिवसापासून जे शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो. कुणाच्या तरी घरची एखादी लाली वाचावी, एवढाच हेतू.

आधी हा पाहुणा कोण, ते पाहू. सोनेरी मासा, म्हणजे गोल्डफिश, हा मूळचा चीनचा. आपले रोहू, कटला ज्या कुळातले, त्याच कुळातला. रानटी अवस्थेत त्याचा रंग मातकट. त्यात कधीतरी एखादा लाल-सोनेरी मासा निपजे. चीनमधल्या लोकांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी असे मासे वेगळे काढून तळ्यांत जपले आणि पिढ्यान् पिढ्या निवडत निवडत आजचा गोल्डफिश घडवला. पुढे हे मासे घरात आले ते मातीच्या रुंद तोंडाच्या मोठ्या भांड्यांत. लोक ते वरून पाहत. १५९६ साली झांग छ्येनदे या चिनी लेखकानं केवळ या माशांवर एक पुस्तक लिहिलं. म्हणजे हा शौक चांगला जुना आहे. मात्र माशाला टीव्हीशेजारच्या बाऊलमध्ये बसवणं, ही त्या जुन्या शौकिनांची रीत नव्हे.

दुकानात बोटभर दिसणारा हा मासा लहान जातीचा नसतो, तो लहान वयाचा असतो. लांब, सडपातळ अंगाचे साधे गोल्डफिश एक फुटापर्यंत वाढू शकतात. गोल पोटाचे, दुहेरी शेपटीचे, डोक्यावर मुकुट असलेले शोभिवंत प्रकारही वीतभर होतात. नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षं जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला एक गोल्डफिश १९९९ साली मेला. तब्बल ४३ वर्षं! आमची लाली नऊ दिवस.

आता नातीच्या प्रश्नाकडे येतो. रोज खायला देऊनही लाली का मेली? खरं उत्तर असं की, ती त्या खाण्यामुळेच मेली.

माशाचं घर पाणी, माशाची हवा पाणी आणि माशाचं शौचालयही तेच पाणी. खाल्लेलं अन्न पचलं की, त्यातला अमोनिया मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतो. विष्ठा कुजते, उरलेलं खाद्य कुजतं, त्यातूनही अमोनियाच तयार होतो. अस्वच्छ मुतारीत गेल्यावर डोळ्यांना झोंबतो ना, तोच हा वायू. आपण नाक दाबून बाहेर पळतो. मासा कुठे पळणार? अमोनियानं त्याचे कल्ले होरपळतात आणि श्वास घेणं अवघड होतं. शिवाय पाणी काचेसारखं नितळ दिसत असलं, तरी त्यात अमोनिया असू शकतो. आमच्या बाऊलमधलं पाणी शेवटपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ दिसत होतं.

मग नदी-तळ्यातले मासे कसे जगतात? तिथे दोन प्रकारचे जिवाणू माशांची धुणीभांडी करत असतात, असं समजा. पहिल्या प्रकारचे जिवाणू अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच असतं. माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद ते कमी करतं. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सौम्य असतं. थोडं असलं तर मासा सहन करतो आणि पाणवनस्पती तर ते खत म्हणून वापरतात.

हे जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत. ते खड्यांवर, काचेवर आणि मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करतात. नव्या टाकीत ते जवळजवळ नसतात आणि त्यांची वस्ती पुरेशी वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हौसेनं टाकी आणायची आणि त्याच संध्याकाळी त्यात मासे सोडायचे, इथेच बहुतेकांचा घात होतो. योग्य रीत अशी की, टाकी भरावी, फिल्टर सुरू करावा, रोज चिमूटभर खाद्य टाकून जिवाणूंची सोय करावी आणि मासा नंतर आणावा. घाई असेल तर दही लावताना आपण करतो तेच करायचं, विरजण घालायचं. ज्यांची टाकी जुनी आणि निरोगी आहे, अशांकडून वापरातल्या स्पंजचा तुकडा आणून आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. वस्ती लवकर वाढते.

पाण्यात काय आहे हे कळायला थेंब टाकून रंग पाहायचे तपासणी संच मिळतात. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरा मुद्दा जागेचा. लहानपणी आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत वजूसाठी हौद होता. त्यात मासे होते. मुंबईच्या जामा मशिदीचं बांधकाम १८०२ साली पुरं झालं, तीही एका जुन्या तलावावर उभी आहे. तिच्या तलावातले मासेही पूर्वीपासून प्रसिद्ध. आमच्या हौदातल्या माशांना ना फिल्टर होता, ना औषध, तरी ते वर्षानुवर्षं पोहत होते. लाली गेल्यावर मला तो हौद आठवला. वडीलधारे सांगत, हौद दहा हात लांब आणि दहा हात रुंद असला की, थोडीफार घाण पडल्यानं त्याचं पाणी नापाक होत नाही. हा आमच्या हनफी परंपरेतला पाकीचा नियम. तो माशांसाठी केलेला नाही. पण पाणी जितकं जास्त, तितकी घाण विरळ होते, हे शहाणपण मात्र माशालाही लागू पडतं. शिवाय हौदाचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे हवेतला प्राणवायू पाण्यात भरपूर मिसळतो. आमच्या बाऊलमध्ये चार लिटर पाणी आणि वर अरुंद तोंड. इटलीत रोम शहरानं २००५ साली गोल बाऊलमध्ये मासे ठेवायला बंदी केली. त्याआधी २००४ मध्ये मोंझा या गावानं केली होती. तेव्हा मी ही बातमी वाचून हसलो असतो. आता हसू येत नाही.

मग टाकी केवढी घ्यावी? दोन शोभिवंत गोल्डफिशसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच ही टाकी मी किमान समजतो. हिशेब सोपा आहे. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. ही टाकी तीन घनफूट, म्हणजे काठोकाठ ८५ लिटर. खडे आणि वरची मोकळी जागा वजा जाता सत्तर-पंच्याहत्तर लिटर पाणी राहतं. पुढे प्रत्येक माशामागे चाळीसेक लिटर वाढवावं. लांब अंगाच्या प्रकारांना याहून मोठी टाकी किंवा अंगणातला हौदच बरा. टाकी ठेवण्याआधी तिच्या वजनाचा विचार करा. पाणी, काच, खडे मिळून शंभर किलोच्या आसपास भार होतो. तो शोकेसच्या फळीवर ठेवू नका, भक्कम लोखंडी स्टँड घ्या. खिडकीतलं थेट ऊनही टाळा. उन्हानं पाणी तापतं आणि शेवाळ माजतं.

तिसरा मुद्दा पाणी बदलण्याचा. इथे माझी दुसरी चूक सांगतो. लालीनंतर मी रीतसर टाकी आणली, फिल्टर आणला, महिनाभर थांबलो, दोन मासे आणले. दोन महिने सगळं ठीक चाललं. मग ईद आली. घराची साफसफाई निघाली, त्यात मी टाकीही काढली. सगळं पाणी ओतून दिलं, खडे साबणानं घासले, स्पंज नळाखाली पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला आणि नळाचं ताजं पाणी भरलं. टाकी लखलखली. मासे दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात पंख मिटून बसले. मी साफसफाई केली नव्हती, जिवाणूंची वस्तीच उठवली होती. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. आपल्याला ते उपकारक असतं, माशाच्या कल्ल्यांना आणि त्या जिवाणूंना नाही. स्नेही धावून आले, त्यांनी आपल्या टाकीतला स्पंज दिला. रोज थोडं थोडं पाणी बदलत तीन आठवडे काढले, तेव्हा ते दोघं वाचले.

म्हणून नियम असा. आठवड्यातून एकदा, पाव ते तृतीयांश पाणी बदला. सगळं एकदम कधीही नाही. तळाची घाण नळीनं ओढून काढा. नवं पाणी आदल्या दिवशी बादलीत उघडं भरून ठेवा, चोवीस तासांत साधा क्लोरीन बहुतेक उडून जातो. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन वापरतात, ते असं उडत नाही. त्यासाठी दुकानात क्लोरीन मारणारे थेंब मिळतात, ते बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला. नव्या पाण्याची उष्णता जुन्याच्या जवळपास असावी. बादलीत हात घालून पाहिलं तरी अंदाज येतो. आणि स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात, गाळ सुटेल एवढाच. साबण तर टाकीच्या आसपासही नको.

चौथा मुद्दा उन्हाळ्याचा. गोल्डफिश हा थंड पाण्यातला जीव. त्याला १८ ते २४ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. आपल्याकडे बहुतेक घरांत त्याला हीटरची गरज नसते, अडचण येते ती एप्रिल-मे महिन्यांत. पाणी जितकं तापेल, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच. आणि नेमकी त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढलेली असते. म्हणून उन्हाळ्यात हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवा, टाकीचं झाकण थोडं उघडं ठेवून वर जाळी घाला, टेबलफॅनचा वारा पाण्यावरून जाऊ द्या. माठातलं पाणी गार होतं तसंच हेही दोन-तीन अंश उतरतं. बर्फाचे खडे थेट टाकू नका. एकदम फरक पडला की मासा आजारी पडतो. वीज गेली आणि बराच वेळ आली नाही, तर मगानं टाकीतलंच पाणी उचलून वीतभर उंचावरून हळूहळू परत ओता. बॅटरीवर चालणारा पंपही मिळतो. तो माझ्या घरात आता मेणबत्तीशेजारी असतो.

पाचवा मुद्दा, आणि सगळ्यात अवघड, खाण्याचा. गोल्डफिशला आपल्यासारखं जठर नसतं. अन्न साठवून ठेवायची पिशवी नाही, घास सरळ आतड्यात जातो. म्हणून तो सतत चरत राहतो आणि आपल्याला तो सतत भुकेला वाटतो. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. उरलेलं जाळीनं काढून टाका. कोरडे दाणे मिनिटभर भिजवून द्या. पोटात गेल्यावर ते फुगत नाहीत आणि मासा वरची हवाही कमी गिळतो. मधूनमधून उकडून साल काढलेला मटार कुस्करून द्यावा, पालकाचं वाफवलेलं पान द्यावं. पोळी, भात, बिस्किटाचा चुरा नको. आणि आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नका. नातीला हे पटेना. ‘नाना, ती उपाशी राहणार?’ मी म्हटलं, ‘तुझी नानी रमजानात रोजे धरते, शेजारच्या काकू एकादशी करतात, तसा हा माशाचा उपास.’ तेव्हा कुठे तिनं डबीचं झाकण लावलं.

आता आजारपण. मासा बोलत नाही, पण तो न बोलता सांगतो. पंख अंगाशी मिटून बसणं, तळाशी पडून राहणं, वर येऊन धापा टाकणं, खाद्य तोंडात घेऊन थुंकणं, अंग खड्यांना घासणं ही लक्षणं. अशा वेळी पहिलं काम औषध नव्हे, पाण्याची तपासणी. अमोनिया किंवा नायट्राइट निघालं, तर ताबडतोब तृतीयांश पाणी बदला आणि खाद्य थांबवा. पुष्कळ आजार इथेच आटोक्यात येतात.

अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, तर तो एका परजीवीचा त्रास. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना त्याच्यावर औषध चालत नाही. तो खाली गळून, वाढून, पिल्लं पाण्यात पोहू लागली की तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले तरी उपचार थांबवायचा नसतो, दहा-बारा दिवस तरी चालवायचा. साधं जाडं मीठ, लिटरला दोन ते तीन ग्रॅम, दोन दिवसांत थोडं थोडं विरघळवून घालतात. मात्र त्यानं पाणवनस्पती मरू शकतात. खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहिले आणि पोट फुगलं, तर आतले अवयव बिघडलेले असतात. तिथे घरगुती उपाय न करता माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारावं. गोल पोटाचा मासा कलंडू लागला, तर दोन दिवस उपास आणि मग मटार, हा पहिला उपाय. आणि नवा मासा आणला की, तो दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवून मगच जुन्यांत सोडावा. हा विलगीकरणाचा शब्द २०२० नंतर आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

एक शेवटची विनंती. मासा नकोसा झाला, बदली झाली, घर सोडलं, तर तो नदीत किंवा तळ्यात सोडू नका. त्यात दया वाटते, पण दया नसते. गोल्डफिश तळ उकरून पाणी गढूळ करतो, वनस्पती उपटतो आणि तिथल्या मूळच्या माशांचं जगणं अवघड करतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बर्न्सव्हिल शहरात २०२१ साली तळ्यातून चेंडूएवढे गोल्डफिश निघाले आणि मासे तळ्यात सोडू नका, असं नागरिकांना सांगावं लागलं. सांभाळणारं दुसरं घर शोधा. नाहीतर दुकानात परत द्या.

माझ्या घरचे ते दोन मासे आता चौथ्या वर्षात आहेत. एकीचं नाव पुन्हा लालीच आहे, नातीच्या हट्टामुळे. नात आता दहा वर्षांची झाली. दर रविवारी सकाळी ती नळीनं पाणी काढते आणि थेंब टाकून रंग पाहते. माझ्या डोळ्यांना ते फिके रंग नीट ओळखू येत नाहीत, म्हणून तपासणीचं काम तिच्याकडे. ‘शून्य आहे, नाना,’ असं तिनं म्हटलं की, मला एखाद्या कवितेला दाद मिळाल्यासारखं वाटतं. काढलेलं पाणी आम्ही गॅलरीतल्या मोगऱ्याला घालतो. त्यात नायट्रेट असतं, मोगऱ्याला ते आवडतं.

परवा एक पाहुणे आले होते. मासे तोंड उघडून वर आले, तशी त्यांनी कौतुकानं खाद्याची डबी उचलली. नात पटकन पुढे झाली आणि म्हणाली, ‘काका, थांबा. आधी ते खायला आलेत की धाप लागलीय, ते बघू.’ तिनं पंप पाहिला, पाण्यात हात घातला, मग दोन दाणे त्यांच्या तळहातावर ठेवले. दोनच.